इंटरनेट कॉलिंग सर्व्हिसेसचा रिव्ह्यू: जाहिरात सोडा, कोर्टात काय बोलतात ते बघा

स्वस्तात कॉल लावून देणाऱ्या सर्व्हिसेसचे रिव्ह्यू वाचायला घेतले की सगळीकडे तेच ते, आवाज क्लिअर, ॲप हलकं, मिनिटाचा रेट कमी, घ्या पाच स्टार. ते सगळं असू दे, पण या धंद्यातल्या कंपन्यांचं कुठे ना कुठे रेग्युलेटरशी, म्हणजे फोन कंपन्यांना नियम लावणाऱ्या सरकारी संस्थेशी, वाजलेलं असतंच, आणि तिथे वकील लावून त्या स्वतःबद्दल जे काही सांगतात ना, ते त्यांच्या वेबसाइटवर तुम्हाला कधीच दिसणार नाही. जाहिरातीत म्हणणार जुना फोन फेका, आता आम्हीच तुमचा फोन. आणि कोर्टात तोच माणूस हात जोडून म्हणतो, साहेब आम्ही फोन कंपनी नाहीच, आम्ही नुसतं सॉफ्टवेअर. नेटवर्कवर हक्क सांगताना घरचे आणि भांडी घासायची वेळ आली की पाहुणे, असला प्रकार.

तर मी स्वतः असल्या सर्व्हिसेस बरीच वर्षं वापरतोय, आत्ताही एक नंबर देणारं ॲप चालू आहे, आणि माझं मत असं झालंय की पैसे भरायच्या आधी त्या प्रकारच्या सर्व्हिसवर कुठे कोणत्या केसेस झाल्या आणि कंपनीने तिथे काय बाजू मांडली एवढं बघितलं तरी निम्मा रिव्ह्यू तिथेच होतो. म्हणून यावेळी कंपनीवार मार्क न देता प्रकारावर मार्क देतो.

सुरुवात कॉलबॅकपासून, कारण भांडणाची सुरुवातच तिथून. नवीन लोकांना माहीत नसेल. तुम्हाला परदेशात एक नंबर दिलेला असायचा, त्यावर फोन लावायचा, एक रिंग जाऊ द्यायची आणि समोरून उचलायच्या आत ठेवून द्यायचा. तिकडचं मशीन तुमचा नंबर ओळखायचं आणि थोड्या वेळात तुमचा फोन वाजायचा, उचलला की कानात तिकडचा डायल टोन. मग हवा तो नंबर फिरवायचा. कॉल धरला जायचा तिकडून निघालेला, बिल तिकडच्या स्वस्त रेटने, आणि पहिला कॉल उचललाच नाही म्हणून त्याचे पैसे शून्य. इथल्या ऑपरेटरच्या हातात काय, तर वाजलेली एक रिंग.

आता ऑपरेटर चिडणारच. गंमत म्हणजे पहिली मोठी तक्रार खुद्द अमेरिकेतच झाली, एटी अँड टी या तिथल्या बड्या फोन कंपनीने तिथल्या रेग्युलेटरला म्हणजे एफसीसीला सांगितलं की हे लोक न उचललेल्या कॉलवर आमचं नेटवर्क फुकट वापरतायत. १९९४ मध्ये एफसीसीने व्हीआयए यूएसए नावाच्या केसमध्ये कॉलबॅकवाल्यांच्या बाजूने निकाल दिला, १९९५ मध्ये फेरविचारातही तेच कायम ठेवलं, फक्त एक पाचर मारली की ज्या देशाच्या कायद्यात कॉलबॅकला स्पष्ट बंदी आहे तिथे अमेरिकन कंपनीने हा उद्योग करायचा नाही. त्याच वर्षी म्हणजे १९९४ लाच क्योटोमध्ये आयटीयूचं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या दूरसंचार संघटनेचं, मोठं संमेलन झालं, तिथे ठराव क्रमांक २१ पास झाला, पर्यायी कॉलिंग पद्धतींबद्दलचा. सरळ भाषेत सांगायचं तर आपापल्या देशात परवानगी द्यायची की बंदी घालायची हा ज्याचा त्याचा अधिकार, आणि बाकीच्यांनी त्याचा मान ठेवायचा. पुढे १९९६ मध्ये आयटीयूने अजून एक ठराव केला, त्यात दोन गोष्टी नाव घेऊन वाईट ठरवल्या. एक म्हणजे मशीनने सतत कॉलचा मारा करत राहणं, आणि दुसरी म्हणजे फोन उचलल्याचा सिग्नलच दाबून टाकणं, म्हणजे लोक बोलतायत पण बिलाचं मीटर सुरूच होत नाही. ही दुसरी आयडिया ज्याने काढली त्याच्या डोक्याला सलाम, पण ही सरळ सरळ चोरी आहे बाबा.

मुळात एवढा राग का, तर त्यामागे अकाउंटिंग रेट नावाची भानगड होती. एका देशातून दुसऱ्या देशात कॉल गेला की ज्याच्याकडून कॉल निघाला त्या कंपनीने समोरच्या कंपनीला मिनिटामागे ठरलेली रक्कम द्यायची. बऱ्याच देशांत सरकारी टेलिफोन खात्याची भरभक्कम कमाई हीच. अमेरिकेतून कॉल जास्त बाहेर जायचे, म्हणून अमेरिकेचे पैसेही जास्त बाहेर जायचे, आणि कॉलबॅकमुळे तर उलटे कॉलसुद्धा अमेरिकेतूनच निघालेले दिसायला लागले. शेवटी एफसीसीने १९९७ मध्ये स्वतःच कमाल मर्यादा ठरवून टाकली, देशाच्या उत्पन्नाप्रमाणे मिनिटाला १५, १९ किंवा २३ सेंट, याच्या वर आमच्या कंपन्या देणार नाहीत. परदेशी ऑपरेटर कोर्टात गेले, केबल अँड वायरलेस पुढे होती, आणि १९९९ मध्ये वॉशिंग्टनच्या फेडरल अपील कोर्टात हरले. रेट उतरले आणि मजा अशी की त्यामुळे कॉलबॅकवाल्यांचाही बाजार उठला, कारण ते ज्या फरकावर जगत होते तो फरकच संपत गेला.

कॉलबॅकला माझ्याकडून साडेतीन स्टार. वापरायला वैताग होता, पण यांनी कधी आम्ही फोन नाही असं म्हटलं नाही. आम्ही फोनच आहोत, फक्त स्वस्त आहोत, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

आता मेन आयटम. इंटरनेटवरून खरा नंबर देणाऱ्या सर्व्हिसेस, ज्यावरून कोणत्याही फोनवर कॉल जातो आणि कोणत्याही फोनवरून येतो. इथे व्हॉनेज नावाच्या असल्याच एका अमेरिकन कंपनीची केस माहीत असायलाच पाहिजे. २००३ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा राज्याच्या युटिलिटी कमिशनने व्हॉनेजला सांगितलं की तुम्ही टेलिफोन सेवा विकताय तर टेलिफोन कंपनीसारखं सर्टिफिकेट घ्या, ९११ या इमर्जन्सी नंबरची सोय करा. व्हॉनेज फेडरल कोर्टात गेली, म्हणाली आमची माहिती सेवा आहे, इन्फर्मेशन सर्व्हिस. आणि ऑक्टोबर २००३ मध्ये जज्जांनी तिचं ऐकलं, राज्याला मनाई हुकूम. नोव्हेंबर २००४ मध्ये एफसीसीनेही सांगितलं की ही सेवा राज्याराज्यांत तुकडे करून बघता येत नाही, ग्राहक राउटर उचलून कुठेही नेऊन लावू शकतो, त्यामुळे राज्यांनी यात पडू नये. २००७ मध्ये अपील कोर्टाने ते उचलून धरलं. व्हॉनेजचा दणदणीत विजय.

पण एफसीसीने सेवा राज्यांच्या तावडीतून सोडवली आणि मग स्वतःच्या तावडीत घेतली. २००५ च्या मे महिन्यात आदेश आला की फोन नेटवर्कला जोडलेल्या सगळ्या व्हॉइप म्हणजे इंटरनेटवरून फोन देणाऱ्या कंपन्यांनी १२० दिवसांत ९११ चालू करायचं, ग्राहकाचा पत्ता कॉलबरोबर गेला पाहिजे. कंपन्यांनी आरडाओरडा केला, शक्यच नाही, मुदत फार कमी. न्यूव्हिओ नावाची कंपनी कोर्टात गेली आणि २००६ च्या डिसेंबरमध्ये हरली. मला मात्र त्या आदेशातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे स्टिकर. प्रत्येक ग्राहकाला कंपनीने इशाऱ्याचा स्टिकर पाठवायचा, उपकरणावर किंवा शेजारी चिकटवायला, की यावरून इमर्जन्सी कॉल लागेलच असं नाही किंवा मर्यादा आहेत. आणि नुसता पाठवून भागणार नव्हतं, हो मला समजलं असं ग्राहकाकडून कबूल करून घ्यायचं, आणि त्याची नोंद ठेवायची. इतकी वर्षं जी गोष्ट बारीक अक्षरात कुठेतरी चौदाव्या कलमात दडवलेली असायची ती फोनवर चिकटवायला लावली. रेग्युलेटरने ग्राहकाचं भलं नेमकं कसं करावं याचं यापेक्षा साधं उदाहरण मला तरी माहीत नाही.

हे सगळं कागदी वाटत असेल तर कॅनडाचं सांगतो. तिथल्या रेग्युलेटरने २००५ मध्येच व्हॉइपवाल्यांना ९११ ची सक्ती केली होती. तरी एप्रिल २००८ मध्ये कॅलगरीतल्या एका कुटुंबाने लहान बाळासाठी इंटरनेट फोनवरून ९११ लावला आणि ॲम्ब्युलन्स गेली ती पार दुसऱ्या प्रांतात, मिसिसागाच्या जुन्या पत्त्यावर, कारण नोंदीत तोच पत्ता राहिला होता. ते बाळ वाचलं नाही. आवाजाची क्लॅरिटी, रेट, ॲपचा रंग, हे सगळं या एका नोंदीच्या नंतर येतं असं मी म्हणतो ते यामुळे.

माझ्या सध्याच्या ॲपबद्दल सांगतो, नाव घेत नाही. सेटिंग्ज उघडा, तिथे अकाउंट, त्यात नंबर, नंबरवर टॅप करा, खाली स्क्रोल करा, रिंगटोनच्याही खाली एक ओळ आहे, इमर्जन्सी पत्ता. तिथे मी साइन अप करताना टाकलेला बिलिंगचा पत्ता आपोआप भरलेला होता, तो बरोबर आहे का असं कोणी कधी विचारलं नाही. बदलायला गेलो तर फॉर्म घरापर्यंत घेतो, मजला आणि फ्लॅट नंबर टाकायला जागाच नाही. सपोर्टला लिहिलं तर उत्तर आलं की ही सुविधा मूळ फोनला पर्याय नाही. अरे पण होमपेजवर तर हाच पर्याय म्हणून विकताय ना! या ॲपचा आवाज खरोखर चांगला आहे, नेट चांगलं असेल तर साध्या कॉलपेक्षा सरस, व्हॉइसमेल मेलवर येतो, दोन फोनवर एकच नंबर वाजतो, सगळं छान. पण त्या एका स्क्रीनसाठी मी दीड स्टार कापला आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही.

आता आम्ही फोन नाहीच या युक्तिवादाचा कळस बघायचा तर स्काइप. फ्रान्सच्या रेग्युलेटरने २०१३ मध्ये स्काइपचं प्रकरण थेट पॅरिसच्या सरकारी वकिलांकडे पाठवलं, का तर ऑपरेटर म्हणून नोंदणी करा असं सांगूनही करत नाहीत. बेल्जियमच्या रेग्युलेटरने २०१६ मध्ये दंड ठोकला, २ लाख २३ हजार युरोच्या आसपास, कारण तेच, नोंदणी नाही. मुद्दा होता स्काइपआउटचा, म्हणजे ॲपवरून साध्या फोनला लावायचा पैसेवाला कॉल. स्काइपचं म्हणणं, इंटरनेटवर सिग्नल वाहून नेतो तो इंटरनेटवाला, पुढे फोन नेटवर्कवर नेतो तो फोनवाला, आम्ही मधले सॉफ्टवेअरवाले, आमचा सिग्नलशी काय संबंध. ऐकायला एकदम बिनतोड. केस ब्रसेल्सहून युरोपियन युनियनच्या कोर्टात गेली आणि ५ जून २०१९ ला निकाल आला. कोर्ट म्हणालं, ग्राहक पैसे कोणाला देतो, स्काइपला. फोन कंपन्यांशी करार कोणाचे, स्काइपचे. त्यांना कॉल पोचवायचे पैसे कोण देतं, स्काइप. मग ग्राहकाच्या दृष्टीने कॉल पोचवायची जबाबदारी स्काइपचीच, ही इलेक्ट्रॉनिक कम्युनिकेशन सेवाच आहे. आणि सगळ्यात भारी म्हणजे, सिग्नल पोचवायची जबाबदारी आमची नाही असं तुमच्या अटींमध्ये लिहिलंय म्हणून काही ती जबाबदारी जात नाही, हेही कोर्टाने स्पष्ट केलं. अटी-शर्तींच्या जंगलात हरवलेल्या प्रत्येक ग्राहकाने हे वाक्य फ्रेम करून लावावं.

बरं त्याच कोर्टाने बरोबर आठ दिवसांनी, १३ जूनला, जीमेलच्या बाबतीत उलट निकाल दिला. जर्मनीचा रेग्युलेटर गूगलला म्हणत होता जीमेलची नोंदणी करा, कोर्ट म्हणालं नाही, ईमेल मुख्यतः इंटरनेटवालेच वाहून नेतात, गूगलवर ती जबाबदारी येत नाही. दोन्ही शेजारी ठेवून वाचलं की फरक लगेच लक्षात येतो, फोन नेटवर्कला जोडून पैसे घेता का, एवढ्यावर सगळं फिरतंय. पुढे युरोपने नवीन कायद्यात ही वाटणीच करून टाकली, नंबर वापरणाऱ्या सेवा वेगळ्या आणि नंबर न वापरणाऱ्या वेगळ्या, नंबरवाल्यांवर जबाबदाऱ्या जास्त. डिसेंबर २०२० पासून ते लागू झालं. स्काइप स्वतः मे २०२५ मध्ये बंद पडलं, पण तो निकाल राहिला आणि बाकीच्यांना नडत राहणार.

गूगल व्हॉइस या गूगलच्या कॉलिंग सर्व्हिसचंही तसंच. २००९ मध्ये एटी अँड टीने एफसीसीकडे तक्रार केली की गूगल व्हॉइस काही ग्रामीण भागातल्या नंबरांवर कॉल लागूच देत नाही, आम्हाला असं केलेलं चालत नाही मग यांना कसं चालतं. तिथे झोल असा होता की अमेरिकेत काही छोट्या गावातल्या कंपन्यांना कॉल पोचवायचे जास्त पैसे मिळतात, मग त्या चॅटलाइन आणि फुकट कॉन्फरन्सवाल्यांना तिथले नंबर देऊन ट्रॅफिक वाढवायच्या आणि पैसे वाटून घ्यायच्या. गूगलचं उत्तर काय, तर आम्ही फुकट वेब ॲप आहोत, फोन कंपनीचे नियम आम्हाला नाहीत. नंतर ब्लॉक केलेले नंबर शंभरच्या आत आणले. यात गूगलची अडचण मला पटते, दुसऱ्याच्या लबाडीचं बिल का भरायचं, पण माझा कॉल का लागत नाही हे मला ॲपने सांगायला नको का?

एवढं बोललो म्हणून रेग्युलेटर आणि मोठे ऑपरेटर सगळे साधुसंत असं कोणी समजू नका. नॉर्थ कॅरोलायनातल्या मॅडिसन रिव्हर नावाच्या फोन कंपनीने आपल्या इंटरनेट ग्राहकांचे व्हॉनेजचे पोर्टच, म्हणजे नेटवरून ये-जा करायचे दरवाजेच, बंद केले होते, म्हणजे नेट चालू पण प्रतिस्पर्ध्याचा फोन बंद. २००५ मध्ये एफसीसीने पकडलं आणि कंपनीने १५ हजार डॉलर भरून प्रकरण मिटवलं, असल्या कंपनीला ही रक्कम म्हणजे चिल्लर. पनामात २००२ मध्ये सरकारनेच सगळ्या इंटरनेट कंपन्यांना आदेश दिला की व्हॉइपसाठी वापरले जाणारे यूडीपी प्रकारचे २४ पोर्ट ब्लॉक करा. मोरोक्कोच्या रेग्युलेटरने जानेवारी २०१६ मध्ये व्हॉट्सॲप, स्काइप वगैरेंचे कॉल बंद करणं योग्य ठरवलं, कारण लायसन्स नाही, आणि लोकांच्या बोंबेनंतर नोव्हेंबरमध्ये, माराकेशला हवामान परिषद भरली त्या सुमारास, बंदी उठली. संयुक्त अरब अमिरातीत तर वर्षानुवर्षं व्हॉट्सॲपवर मेसेज जातो पण कॉल लागत नाही, लायसन्सवाल्या कंपन्यांशी टायअप असलेली ठराविक ॲप्स वापरायची, त्यांचं वेगळं पॅकेज. कोविडच्या वेळी काही मीटिंगची ॲप्स मोकळी केली तेव्हा कळलं की मोकळी करता येतात. कागदावर कारण कायम सुरक्षा आणि लायसन्सचं असतं, पण आतलं दुखणं बहुतेक वेळा कमाईचंच.

भारतात वेगळीच तऱ्हा. १ एप्रिल २००२ पासून इंटरनेट टेलिफोनीला परवानगी मिळाली पण अर्धवट, कॉम्प्युटरवरून कॉम्प्युटरला चालेल, कॉम्प्युटरवरून परदेशातल्या फोनला चालेल, देशातल्या देशात साध्या फोनला मात्र नाही. ते दार उघडायला २०१८ उजाडलं, आणि तेही लायसन्स असलेल्या ऑपरेटरांसाठीच. व्हॉट्सॲपसारख्यांचं काय यावर ऑपरेटर म्हणतात सेवा तीच तर नियमही तेच लावा, ट्रायने सप्टेंबर २०२० मध्ये सांगितलं सध्या वेगळ्या नियमांची गरज नाही, आणि २०२३ मध्ये परत त्याच विषयावर सल्लामसलतीचा पेपर काढला. चालू द्या.

नंबरवाल्या ॲप्सना एकूण तीन स्टार. जिथे रेग्युलेटरने ओरबाडून जबाबदारी घ्यायला लावली तिथे चार, जिथे मोकळं सोडलं तिथे दोन, त्याची सरासरी.

तिसरा प्रकार म्हणजे कुठेही न दिसेल इतका स्वस्त रेट देणारे, आणि इथे जरा जपून. यातले काहीजण गेटवे किंवा सिम बॉक्स वापरतात. एका डब्यात ढिगाने सिम कार्डं, कॉल इंटरनेटवरून त्या डब्यापर्यंत येतो आणि तिथून साध्या मोबाईलवरून लावल्यासारखा पुढे जातो. मोबाईल कंपनीला जो कॉल पोचवायचा चार्ज मिळायला हवा तो बुडतो, कारण तिला वाटतं आपलाच ग्राहक आपल्याच ग्राहकाशी बोलतोय. ओळखायचं कसं? तुम्ही परदेशात फोन लावला आणि समोरच्याच्या स्क्रीनवर तुमच्या नंबरऐवजी तिकडचाच कुठलातरी अनोळखी मोबाईल नंबर आला, आणि पुढच्या वेळी तिसराच आला, की समजायचं तुमचा कॉल बहुधा असल्याच डब्यातून गेलाय. मी एका सर्व्हिसवर हे बघितलंय, समोरच्याने अनोळखी नंबर म्हणून चार वेळा कट केला, वर त्या नंबरवर उलटा फोन केला तर तो बंद. बोलताना आवाजही असा की आपण वाक्य संपवून गप्प झालो की मग समोरचा हसतो.

यावर इंग्लंडमध्ये जी केस झाली ती वाचून मी थक्क झालो. फ्लो टेलिकॉम आणि व्हीआयपी कम्युनिकेशन्स या छोट्या कंपन्या, गेटवेवरून स्वस्त कॉल द्यायच्या. २००३ च्या सुमारास मोबाईल कंपन्यांनी त्यांची सिम बंद केली, हे म्हणाले ही दादागिरी आहे, स्पर्धा मारताय. रेग्युलेटर म्हणाला व्यापारी पद्धतीने असे गेटवे चालवणं मुळात बेकायदा आहे, लायसन्समध्ये बसत नाही. मग ट्रिब्युनल, अपील कोर्ट, परत ट्रिब्युनल. पुढे ऑफकॉमचा म्हणजे या रेग्युलेटरचा स्वतःचाच विचार बदलला, म्हणाले लायसन्समधून सूट द्यायला हरकत नाही, तर गृहमंत्र्यांनी आडवा पाय घातला, की असल्या डब्यामुळे खरा कॉल कोणाचा आणि कुठून आला हे लपतं, राष्ट्रीय सुरक्षेचा प्रश्न आहे, सूट देऊ नका. मंत्र्याला असा आदेश रेग्युलेटरला देता येतो का यावर भांडण थेट सुप्रीम कोर्टात, आणि एप्रिल २०२३ मध्ये निकाल मंत्र्याच्या बाजूने. वीस वर्षं! निकालपत्रावर व्हीआयपी कंपनीच्या नावापुढे कंसात लिहिलंय, लिक्विडेशनमध्ये. म्हणजे कंपनी बुडून गेली तरी केस चालूच.

मला त्या छोट्या कंपन्यांबद्दल थोडी सहानुभूती आहे, मोबाईलवर कॉल पोचवायचे चार्ज तेव्हा खरंच अवाच्या सवा होते, आणि नियम काय आहे हेच वर्षानुवर्षं नीट ठरत नव्हतं. पण ग्राहक म्हणून? एक स्टार. कॉलर आयडी खोटा दिसतो, ओटीपी किंवा बँकेच्या कॉलला उपयोग नाही, आणि कोणी धाड टाकली की सर्व्हिस एका रात्रीत गायब, उरलेला बॅलन्स गेला.

बॅलन्सवरून आठवलं. एका कॉलिंग ॲपमध्ये, परत नाव नको, माझं बऱ्यापैकी क्रेडिट होतं आणि एक दिवस मेल आला की नियामक बदलांमुळे अमुक देशांतले कॉल आजपासून बंद करण्यात येत आहेत. कोणता बदल, कोणाचा आदेश, काही नाही. मी रिफंड मागितला तर म्हणे क्रेडिट इतर देशांसाठी वापरता येईल. मला इतर देशांत कोणी ओळखीचं नाही हो! तीन वेगवेगळ्या नावांच्या सपोर्टवाल्यांनी तोच परिच्छेद पेस्ट केला. शेवटी मी अटी उघडून बघितल्या तर त्यात कंपनी स्वतःला संवादाचा प्लॅटफॉर्म म्हणवत होती, दूरसंचार हा शब्द अख्ख्या कागदात नाही. तेव्हा लक्षात आलं की हे शब्द वकिलाने मोजूनमापून घातलेले असतात, कारण दूरसंचार म्हटलं की रेग्युलेटर आला, आणि रेग्युलेटर आला की तक्रार निवारण आलं.

चौथा प्रकार, ॲपवरून ॲपला फुकट कॉल, त्यावर फार लिहीत नाही. २००४ च्या फेब्रुवारीत एफसीसीने पल्व्हर नावाच्या कंपनीच्या फ्री वर्ल्ड डायलअप या असल्याच फुकट सर्व्हिसला सांगितलं होतं की फोन नेटवर्कला हातच लावत नाही तर तुम्ही फोन कंपनी नाही, आणि दोनच महिन्यांनी एटी अँड टीला सांगितलं की दोन्ही टोकांना साधा फोन असेल तर मधून इंटरनेटवरून नेला म्हणून काही तो कॉल वेगळा होत नाही, कॉल पोचवायचे पैसे भरा. या दोन निकालांच्या मध्ये जी जागा आहे तिथेच गेली वीस वर्षं सगळी भांडणं चाललीयत. फुकटवाल्यांना चार स्टार, कारण निदान तिथे कोणी नंबरही देत नाही आणि इमर्जन्सीचा आवही आणत नाही. ज्या देशात बंद आहे तिथे बंद आहे, त्याला इलाज नाही.

आता घ्यायचंच असेल तर काय बघायचं, माझी पद्धत सांगतो. रेटकार्ड बंद करा आणि आधी कंपनीच्या अटींमध्ये इमर्जन्सी शब्द शोधा, किती खाली सापडतो ते बघा. मग ज्या देशात वापरणार आहात तिथल्या रेग्युलेटरच्या वेबसाइटवर लायसन्सधारकांची किंवा नोंदणी केलेल्यांची यादी असते, बऱ्याच ठिकाणी उघड असते, त्यात कंपनीचं नाव आहे का बघा, ब्रँडचं नाव वेगळं आणि कायदेशीर नाव वेगळं असतं त्यामुळे अटींच्या शेवटी दिलेलं नाव घ्या. एक टेस्ट कॉल ओळखीच्या माणसाला लावून त्याच्याकडे कोणता नंबर दिसला तो स्क्रीनशॉट मागवा. क्रेडिट कमीत कमी भरा, ऑटो टॉपअप बंद ठेवा. आणि नंबर दुसरीकडे पोर्ट करून नेता येतो का हे लेखी विचारा. अमेरिकेत २००७ पासून व्हॉइप नंबरलाही पोर्टिंगचा हक्क आहे, सगळीकडे असेलच असं नाही, आणि जो कंपनीवाला या प्रश्नाला सरळ हो किंवा नाही म्हणत नाही त्याच्याकडचा नंबर बँकेला, डॉक्टरला, शाळेला कुठेच देऊ नका. माझ्या ॲपवाल्यांनी हो म्हटलंय, मेल जपून ठेवलाय, म्हणून फ्लॅट नंबर न घेणारा तो फॉर्म असूनही अजून सोडलं नाही. इमर्जन्सीसाठी मात्र साधं सिम वेगळं चालू ठेवलंय.